ढब्बूचा गोळा आणि पंचेचाळीस अंश

९ जानेवारी

शाळेच्या वसतिगृहाचा पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा, मधली सुट्टी. मी आणि माझी बाकावरची मैत्रीण कठड्याला पोट टेकून संत्रं खात होतो आणि बिया खाली अंगणात थुंकत होतो. जिची बी लांब जाईल तिला शेवटची फोड. मागून जपमाळ वाजली तेव्हा दोघींच्या गालांत एकेक बी तयार होती. विज्ञानाच्या सिस्टर! आता उरलेली सुट्टी भिंतीकडे तोंड करून, हे ठरलेलंच. पण त्या कठड्यापाशी आल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कुणाची लांब गेली? आणि का गेली?" मग त्यांनीच एक बोट हवेत तिरपं धरलं. "पंचेचाळीस अंश, मुलींनो. फार वर नाही, फार खाली नाही, बरोब्बर मधोमध." आणि वळता वळता, "आता खाली जा. सगळ्या बिया वेचून आणा."

तेव्हापासून पंचेचाळीस अंश माझ्या डोक्यात प्रार्थनेसारखे बसलेत. पुढे मीही विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी फळ्यावर तीच कमान काढून तेच सांगितलं.

आज हे सगळं आठवलं ते ढब्बूमुळे. ढब्बू म्हणजे माझ्या लेकीची मुलगी, नववीतली. जावई बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. म्हणून घरात आम्ही तिघीच. लेक रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीत बसते, मी घर सांभाळते, आणि ढब्बू वाढते. उंचीनं, रुंदीनं, सगळीकडून. वर्गातल्या मुली काय काय म्हणायच्या ते ती घरी सांगायची नाही, पण डबा तसाच परत यायचा. दोन वर्षांपूर्वी खेळाच्या बाईंनी (ढब्बू त्यांना कोच बाई म्हणते) तिच्या हातात लोखंडी गोळा दिला, आणि त्या दिवसापासून डबा रिकामा यायला लागला. मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे.

तर आज ती धावत घरी आली. खेळाडूंचं एक निवासी विद्यालय आहे, इथून रात्रभराच्या प्रवासावर. मार्चअखेर निवड चाचणी. गोळाफेकीत दोनच मुली घेणार. "आजी, कोच बाई म्हणाल्या माझा नंबर लागू शकतो."

"लागू शकतो काय, लागलाच पाहिजे," मी म्हटलं. प्रक्षेपण शिकवण्यात माझी हयात गेली आणि घरातच प्रक्षेपण करणारी पोर आहे. मी काय स्वेटर विणत बसू?

१२ जानेवारी

शिकवणी सुरू. जेवणाच्या टेबलाच्या काठावर दोन खोडरबर ठेवले. एक नुसता खाली पाडायचा, दुसरा त्याच क्षणी टिचकीनं लांब उडवायचा. "आधी कुठला पडेल?"

"जवळचा. लांबच्याला लांब जायचंय ना."

"डोळे मीट. ऐक."

टक. एकच आवाज. ढब्बूनं डोळे उघडले आणि पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. लेक भाजी चिरताना म्हणाली, "आई, ते खोडरबर माझ्या कणकेत पडताहेत." विज्ञानाला असे अडथळे यायचेच.

मग मी तिला माझा ठेवणीतला प्रश्न विचारला. गोळा हातातून सुटल्यावर, हवेत असताना, त्याच्यावर कुठली बलं असतात?

"माझा जोर," ती छाती काढून म्हणाली. सगळ्याच असं म्हणतात.

"तुझा जोर हातातच राहिला, राणी. हात सुटला की जोर संपला. गोळ्याबरोबर जातो तो तू दिलेला वेग. वर फक्त त्याचं वजन, खाली ओढणारं. हवेचा अडथळा एवढ्या जड गोळ्याला नगण्य."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे सुटल्यावर मी काहीच करू शकत नाही?"

"काहीच नाही."

"मग कोच बाई सुटल्यावर ओरडतात कशाला?"

याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही.

१९ जानेवारी

पुठ्ठ्याचा मोठा कोनमापक केला, परातीएवढा. निळा रंग दिला, आकडे पांढरे, आणि पंचेचाळीसची रेघ लाल. मधून दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. शाळेत असताना असलं साधन करायला सवड कधी मिळाली नव्हती. हात रंगाचे झाले, पण झकास झालाय.

तो घेऊन मैदानावर गेले. कोच बाई म्हणजे आडव्या बांध्याच्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की कावळे उडावेत. मी गोळा फेकायच्या वर्तुळाच्या बाजूला कोनमापक धरून उभी राहिले आणि ढब्बूचा हात पाहिला. फार खाली! पस्तीसच्या आसपास. म्हणजे ही पोर इतके दिवस अर्धी ताकद वाया घालवत होती.

"वर, ढब्बू, वर! लाल रेघेवर!"

कोच बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "आजीबाई, तिचा हात नैसर्गिक आहे, राहू द्या की."

"नैसर्गिक असून कसं चालेल? बरोबर असायला हवा," मी हसून म्हटलं. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. शिक्षकाला शिक्षकाचा मान ठेवता येतो.

ढब्बूनं माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, आणि मान हलवली. अशी शहाणी मुलगी शोधून सापडायची नाही.

२ फेब्रुवारी

ढब्बूच्या फेकी कमी पडताहेत. साडेअकरा मीटर सहज जायचा गोळा आता अकराला टेकत नाही. कोन मात्र अगदी नमुनेदार, कमान बघत राहावी अशी. मला वाटतं बूट झिजलेत. लेकीला नवे आणायला सांगितलं.

कोच बाईंनी माझ्यासाठी खुर्ची मागवली आहे. झाडाखाली, सावलीत, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. "इथे निवांत बसा, आजीबाई." किती काळजी करतात! तिथून कोन नीट दिसत नाही, एवढंच. मग मी हात उंच करून खूण करते आणि ढब्बूला ती दिसते.

११ फेब्रुवारी

दाताच्या डॉक्टरांकडे उशीर झाला. मैदानावर पोचले तेव्हा कोच बाई ढब्बूच्या पाठीवर थाप मारत होत्या, दोघी खिदळत होत्या, टेप अजून जमिनीवर ताणलेला होता. मला पाहून ढब्बू एकदम गप्प झाली. त्यानंतरच्या तिच्या सगळ्या फेकी पडेल. मी यायच्या आधीच पोर दमते, हे उघड आहे. कोच बाई तिला सुरुवातीलाच फार पळवतात.

२० फेब्रुवारी

काल साडेदहा. नवे बूट येऊनही.

दूध वाढवलं, झोप वाढवली, परीक्षेचा अभ्यास कमी करायला सांगितला (माझ्या तोंडून हे निघेल असं कधी वाटलं नव्हतं). ढब्बू म्हणते, "आजी, तू उद्या नको येऊस, ऊन फार असतं." एवढ्याशा पोरीला माझ्या उन्हाची चिंता!

संध्याकाळी लेक कामावरून आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, चाचणीपर्यंत जरा घरी थांबशील का?"

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"गुडघ्यांचं नाही गं म्हणत मी."

"मग कशाचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, माठातलं पाणी प्यायली, आणि "काही नाही" म्हणून आत गेली. तिला हल्ली खिडकीत फार काम असतं.

आज मनात एक नकोसा विचार आला, तो लिहूनच टाकते. पोरीची निवड झाली नाही तर ती घरीच राहील. आला आणि गेला. मला काही वाटत नाही ती जाणार याचं. तिच्या पांघरुणाला खोळ शिवायला घेतलीये, ती उद्या पुरी करेन.

२ मार्च

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

ढब्बूचा पंचेचाळीसवरचा विश्वास डळमळतोय की काय, असं वाटून मी तिला प्रत्यक्ष पुरावा द्यायचं ठरवलं. गच्चीवरच्या नळाला बागेची नळी जोडली. पाण्याच्या धारेची कमान डोळ्यांना अख्खी दिसते, गोळ्यासारखी नाहीशी होत नाही. कोनमापकाला नळी टेकवून पंचेचाळीसवर धरली, नळ पूर्ण सोडला, धार खालच्या अंगणात पडली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना म्हटलं, पाणी पडतंय तिथे विटेचा तुकडा ठेवता का?

त्यांनी ठेवला. "म्हणजे याच्यापुढे पाणी येणार नाही?"

"येऊच शकत नाही. हा जास्तीत जास्त पल्ला. तुम्ही खुशाल विटेपलीकडे बसा."

ते खुर्ची घेऊन विटेला लागूनच बसले, पाय पसरून. शास्त्रावर श्रद्धा असलेला माणूस.

"आता बघ ढब्बू, कोन वाढव. धार अलीकडे आली? आता पंचेचाळीसच्या खाली घे. परत अलीकडेच येईल."

तिनं नळी हळूहळू खाली आणली. धार विटेवरून पुढे गेली. आणखी खाली आणली, आणखी पुढे. पोस्टमास्तरांच्या चपला, मग पाय, मग वर्तमानपत्राचं खालचं पान.

"अहो बाई! जास्तीत जास्त पल्ला माझ्या मांडीवर आला की!"

ढब्बूनं घाईघाईनं नळ बंद केला. मी कठड्याला धरून उभी. उंची! मी फळ्यावर कमान काढायचे ती जमिनीवरून जमिनीवर. इथे धार गच्चीवरून निघते आणि पुष्कळ खाली पडते. पडायला वेळ तसाही मिळणारच असतो, मग वर जाण्यात वेग कशाला घालवायचा? तो पुढे जायला वापरावा. म्हणजे कोन कमी हवा. आणि मग मला एकदम व्हरांडा दिसला. आम्हीसुद्धा पहिल्या मजल्यावर होतो! सिस्टर, देव तुमचं भलं करो, त्या बियांसाठीसुद्धा पंचेचाळीस चुकीचंच होतं.

मी हसत सुटले, ढब्बूही हसली, पण बेताचीच. दोघी गच्चीवरच कागद घेऊन बसलो. तिचा गोळा खांद्याच्या वरून सुटतो, तेवढी उंची धरून गणित मांडलं. सगळं करून फरक निघाला चार बोटांचा. जेमतेम चार बोटं!

"हे काही खरं नाही," मी म्हटलं. "तुझा तर मीटरभर गेलाय. उंचीनं एवढा जाणार नाही. बाकीचा कुठं गेला?"

ढब्बू नळीचं टोक बोटांत फिरवत होती. "आजी, एक बोलू? रागावणार नाहीस?"

"बोल की."

"नळ दमत नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या गणितात वेग सगळ्या कोनांना तोच आहे. नळाला चालतं ते. नळी वर करा, खाली करा, पाणी त्याच जोरात येतं. माझा हात तसा नाहीये. कपाट पुढे ढकलायचं असेल तर मी अख्खी त्याच्यात घुसते, पाय, कंबर, सगळं. आणि पोतं माळ्यावर चढवायचं असेल तर नुसता खांदा लागतो, वर त्याचं वजन उलटं ढकलतं. लाल रेघेवर फेकताना ते पोत्यासारखं होतं गं. गोळा हातातूनच हळू सुटतो. हळू सुटला की मग कोन कितीही छान असू दे."

वेगाचा वर्ग असतो सूत्रात. वेग थोडा घटला की पल्ला दुप्पट प्रमाणात घटतो. हे मी इतक्या वर्गांना शिकवलं, आणि तो वेग येतो कुठून हे एकदाही विचारलं नाही. माझ्या फळ्यावर नेहमी तोफच असायची. तोफेला खांदा नसतो.

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"हाताला पहिल्या दिवशीच कळलं. बोलता आत्ता आलं."

"मग फेकत का राहिलीस तशी? बोलली का नाहीस?"

ती कोनमापकाकडे बघत होती. पाण्यानं निळा रंग ओघळला होता. "तू त्याला रंग दिला होतास, आजी."

आता रंगाचा इथे काय संबंध, ते मला काही कळलं नाही. मुली या वयात असं काहीतरी बोलतात. पण एक सांगते. इतक्या वर्षांत किती हुशार मुली समोर बसल्या, कुणीही उठून "बाई, नळ दमत नाही" असं म्हटलं नाही. ते म्हटलं माझ्या नातीनं. पोस्टमास्तरांना कोरडं वर्तमानपत्र नेऊन दिलं आणि त्यांनाही ते सांगितलं. जिन्यात भेटलेल्या दोघांनाही.

४ मार्च

मैदानावर जाऊन कोच बाईंना म्हटलं, "माझं चुकलं. तिचा हात तिचा तिला राहू दे."

त्या म्हणाल्या, "आजीबाई, तुमच्या तोंडात साखर पडो. मी रोज देवाला हेच सांगत होते." आणि मग, "खुर्ची जवळ आणू का?" मी नको म्हटलं. सावलीची सवय झालीये.

१८ मार्च

वाटलं होतं तितकं सोपं नाही. हाताला जे शिकवलं ते हात विसरत नाही. चार फेकी नीट जातात, पाचवी परत आभाळात. कोच बाई म्हणतात तिला वेळ लागेल, आणि वेळ नाही.

मी एक पाहिलं. फेकण्याआधी ढब्बू माझ्याकडे बघते. रोज, प्रत्येक फेकीला. मी मान डोलावते, हसते, हात हलवतच नाही, तरी ज्या फेकीला बघते तीच हमखास वर जाते. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं आई, ती तुझ्याकडे बघून कोन लावायला शिकलीये." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. औषधांचा वास येत होता तिच्या हाताला. बराच वेळ तसाच ठेवला होता.

२९ मार्च

चाचणी.

मोठं मैदान, पांढऱ्या रेघा, टोपी घातलेले पंच, कुठून कुठून आलेल्या मुली. माझी ढब्बू त्यांच्यात ढब्बू दिसतच नव्हती. सगळ्याच तिच्यासारख्या, दणकट, रुबाबदार. तिची मान किती सरळ होती!

तीन फेकी मिळणार होत्या. पहिल्या फेकीला तिनं प्रेक्षकांत मला शोधलं, सापडले, आणि गोळा कमान काढून वर गेला. साडेदहाच्या आतच. दुसऱ्या फेकीला तिनं मला शोधायचं नाही असं ठरवलं असावं, पण ऐन वेळी नजर वळलीच, आणि त्या हिसक्यात पाय वर्तुळाच्या कडेच्या फळीवर पडला. लाल झेंडा, फेक बाद. लेकीनं माझा हात एवढा आवळला की अंगठी रुतली. दोघी मुलींनी आधीच गोळा अकराच्या पुढे टाकला होता, आणि घेणार दोघींनाच.

मी उठले.

"कुठे निघालीस?"

"पाणी प्यायला."

"आत्ता?"

"आत्ताच."

बसायच्या पायऱ्यांच्या मागे नळ होता. तिथे मैदानाकडे पाठ करून उभी राहिले. नळाशी आणखी एक बाई होत्या, कुणाच्या तरी आई, डोकावून बघत होत्या. "ती बघा, ती उंच मुलगी आली वर्तुळात. कुणाला तरी शोधतेय."

मी नळ सोडला. हाताखालून पाणी वाहत होतं.

"नाही सापडलं वाटतं. गोळा मानेला लावला."

मग मला तिचा हुंकार ऐकू आला. तो मी हजारांत ओळखेन. हुंकार आणि जमिनीवरची धप्प, यांच्यामधली लांबी मला पाठ झाली होती, इतक्या दुपारी ऐकलेली. या वेळी धप्प लवकर आली. ठरलेल्यापेक्षा निश्चित लवकर.

"अरेरे," त्या बाई म्हणाल्या, "उंच गेलाच नाही हो. लगेच पडला."

मला ओरडावंसं वाटलं. लगेच पडला म्हणजे वर गेला नाही, वर गेला नाही म्हणजे सगळा जोर पुढे गेला! टेप ताणायच्या आधी मला कळलं होतं. "ती माझी नात आहे," मी त्यांना म्हटलं, आणि ओल्या हातांनी त्यांचे हात धरले. त्यांना काहीच समजलं नाही, तरी त्या हसल्या.

मग पलीकडून लेकीची किंकाळी आली. पावणेबारा मीटर. तिनं आजवर टाकलेला सगळ्यांत लांब. दिवसभरात फक्त एका मुलीनं त्याच्यापुढे टाकला.

ढब्बू धावत आली, घामानं निथळत. "आजी, तू कुठे होतीस? मी शोधलं तुला!"

"तहान लागली होती."

"म्हणजे तू पाहिलाच नाहीस?"

"ऐकला," मी म्हटलं. "उत्तम होता."

३० मे

उद्या रात्रीच्या गाडीनं आम्ही तिघी निघतो. लेक सोडून लगेच परतेल. मी पहिले काही दिवस विद्यालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहणार. गैरसमज नको, गरज मला नाही, त्यांच्याकडे विज्ञानाच्या तासाला बाई नाहीत, आणि मुख्याध्यापिकांनी फोनवर "पंधरा दिवस बघता का?" असं विचारलं. जावयांचा बोटीवरून निरोप आला, त्यांनी जहाजावर सगळ्यांना जेवण दिलं म्हणे. ढब्बू आत बॅग भरते आहे आणि गुणगुणते आहे.

लेकीसाठी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून फोनवर गोंधळ नको.

ढब्बूची सायकल कोच बाईंकडे द्यायची. नव्या गोळाफेकीच्या मुलींमध्ये एक लांबून चालत येते, तिला. ब्रेक घट्ट करून मगच द्यायची.

तिचं अभ्यासाचं टेबल तू घे. तू कधीची जेवणाच्या टेबलावर हिशेब करतेस, तुझी पाठ दुखते. नाही म्हणू नकोस.

पोस्टमास्तरांना माझ्या कुंड्या. पाणी ते आपल्या हातानं घालतील, माझ्या नळीवर त्यांचा विश्वास उरलेला नाही.

माझी भौतिकशास्त्राची पुस्तकं शाळेच्या वाचनालयात. प्रक्षेपणाच्या पानावर मी समासात पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्यात आणि खाली ढब्बूचं नाव घातलंय. खोडू देऊ नकोस.

शिवलेली खोळ ढब्बूच्या पिशवीत सगळ्यांत वर ठेव. तिला सांगायचं नाही, उघडल्यावर कळेल.

आणि मी परत आल्यावर, दर रविवारी तिचा फोन येईल तो आधी तू घ्यायचा. तू आई आहेस. मी नंतर घेईन. मला जास्त वेळ लागतो.